फाट्यावरची चौकट

पुणे
२७ सप्टेंबर २०२५

ती. देवानंददादास,
रेणुकाचा शि. सा. न.

नमस्कार रीत म्हणून लिहिला आहे, तेवढाच घे. क्षेमकुशल विचारत नाही. माझं इकडं कुशल नाही आणि त्याला कारण तू आहेस.

फोन करू नकोस. तुझा नंबर मी बंद करून ठेवला आहे, वहिनींचाही. बोलले असते तर तोंडाला येईल ते बोलले असते आणि आई शेजारी बसून ऐकत राहिली असती. बुलढाण्याला पॉलिटेक्निकच्या होस्टेलवर होते तेव्हा आपण पत्रातूनच भांडायचो. निदान एकमेकांचं शेवटपर्यंत ऐकून तरी घ्यायचो. म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच.

दादा, तुला कुणी सांगितलं होतं फ्लेक्स लावायला? आईला मी फोनवर एवढंच म्हणाले होते की आमचे आयटी प्रमुख दिवाळीला निवृत्त होतायत, त्यांच्या जागी माझं नाव पुढं गेलंय, वरच्या मंडळींची सही अजून व्हायची आहे, कुणाजवळ बोलू नकोस. आईनं तुला सांगितलं, ते मी समजू शकते. तिच्या पोटात काही राहत नाही. पण तू? तू घटस्थापनेच्या दिवशी फाट्यावर दहा फुटी फ्लेक्स चढवलास! रेणुकाताई कंपनीच्या आयटी प्रमुख झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! अरे, मी झालेच नव्हते!

आणि काय तो फ्लेक्स! बेचाळिसाव्या वर्षी मला ‘कुमारी’. खाली गॉगल घातलेल्या शुभेच्छुकांच्या तीन रांगा. त्यात मला शिकायला पाठवलं म्हणून बाबांना नावं ठेवणारा दयारामही, हात जोडून. कंपनीचं बोधचिन्ह इंटरनेटवरून उचललंस. आणि सगळ्यांत वर, डाव्या कोपऱ्यात, पुढाऱ्याचा लावतात तसा गोलात आमच्या मोठ्या साहेबांचा फोटो, त्याखाली ‘प्रेरणास्थान’. तो माणूस आमच्या कंपनीचा मुख्य संचालक आहे, दादा. तालुकाध्यक्ष नाही.

आमच्याकडे मेहकरचा एक इंजिनीअर आहे. त्यानं कौतुकानं तो फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत अख्खी कंपनी हसत होती. मोठ्या साहेबांनी बोलावलं. ते हसले नाहीत. न झालेला निर्णय मी बाहेर फोडला, कंपनीचं नाव रस्त्यावर टांगलं, एवढ्या मोठ्या जागेला जी परिपक्वता लागते ती माझ्यात दिसत नाही, असं म्हणाले. काल त्या जागेवर अविनाशचं नाव जाहीर झालं. त्याला कामावर मी घेतलं होतं. त्याला शिकवलं मी.

तू माझं काय घालवलंस याची तुला कल्पना तरी आहे का? हेल्पडेस्कवर फोन उचलण्यापासून सुरुवात केली मी. पलीकडचे लोक माझं ‘मले’, ‘तुले’ ऐकून फोन स्पीकरवर टाकायचे आणि चारजणांना गोळा करून हसायचे. तिथून आठ कारखान्यांच्या यंत्रणा माझ्या हाताखाली आल्या. आमच्याकडे त्या खुर्चीवर आजवर एकही बाई बसलेली नाही. मी बसणार होते. आणि माझ्या सख्ख्या भावानं अडाण्यासारखा घोळ घातला. अडाण्यासारखा कशाला, अडाणीच आहेस तू. लिहिलंय ते खोडत नाही.

फ्लेक्स आजच्या आज काढ.

शेवटी लोभ मागायची पद्धत आहे. या वेळी माझ्याच्यानं मागवत नाही. आईला नमस्कार.

रेणुका


सुलतानपूर
ता. ४ ऑक्टोबर

चि. रेणुकास,
देवानंदचे आशीर्वाद.

हे आशीर्वाद लहान बहीन म्हनून. इंजिनीअर बाई म्हनून नाई.

पत्र भेटलं. शेवटपर्यंत वाचलं, दोनदा वाचलं. अडाणी! मले अडाणी म्हनली तू. बारावी नापास हाय मी, हाव. पन तुही लोखंडी पेटी डोक्शावर घेऊन बुलढाण्याच्या स्टँडपासून होस्टेलपर्यंत कोन गेलं होतं, ते तुह्या कंपनीतल्या कोन्या शान्या मानसाले इचार.

फ्लेक्स काढला. पत्र भेटलं त्याच दिवशी काढला. वावरात कापलेल्या सोयाबीनची सुडी लागली होती, तिच्यावर झाकला. दसऱ्याच्या दिवशी पाऊस आला, तुह्या तोंडावर पडला अन् सोयाबीन कोरडं राह्यलं. कंपनीच्या नाई, त आपल्या वावराच्या तरी कामी आली तू.

आता माहं आयक. फ्लेक्स काऊन लावला म्हनून इचारते. आपल्या फाट्यावर कोनाचे फ्लेक्स लागतात, आठवते का तुले? भाऊचा वाढदिवस, दादाची निवड, साहेबाचं स्वागत. अन् बाईचा फोटो तिथं कवा लागते? मेल्यावर. भावपूर्ण श्रद्धांजली, फोटोले हार, खाली तेरवीची तारीख. जित्या बाईचा फोटो मी त्या फाट्यावर आजवर पाह्यला नाई. म्हनलं आता एक लावू. माह्या बहिनीचा. जितीचा, हसतीचा. चौकट मी सोता वेल्डिंग करून आनली अन् आपल्या बांधावर गाडली. कोनाच्या बापाची जागा नाई ते. दयारामले शुभेच्छुकात मुद्दाम घेतला. ज्या तोंडानं त्यानं बाबाले भरल्या पारावर म्हनलं होतं का पोट्टी शिकाले पाठवली त हातची जाईन, त्याच तोंडानं तुह्या फोटोखाली हात जोडून उभा केला त्याले. हे तुले समजलं नाई, अन् अडाणी मी!

साहेबाचा फोटो टाकला, हाव. आपल्याइकडं मोठ्या मानसाले वर मान देतात म्हनून टाकला. मान देल्ला त त्याले राग आला, हे कोनतं शानपन?

अन् एक गोठ इचारतो, राग आला त येऊ दे. एवढे वर्सं तू तिथं राबली, आठ कारखाने सांभाळले म्हनते. ते त्या साहेबाले दिसलं नाई, अन् इकडं आपल्या बांधावरचा माहा फ्लेक्स बरा दिसला! तुही खुर्ची एवढी पक्की होती त एका फडक्यानं कशी हालली? मेहकरच्या दुकानात खत-बियानं इकतो मी, गिऱ्हाईक रोज पाह्यतो. ज्याले माल घ्याचाच नसते ना, त्याले पोत्याची शिलाई खराब दिसते.

भाऊबीजेले याची तसदी घेऊ नोको. अडाण्याच्या घरी ओवाळाले काय येतं.

लोभ होता. आता तुहा तू पाह्य.

देवानंद


सुलतानपूर
८ ऑक्टोबर

रेणुताईंना,
रूपालीचा नमस्कार. वि. वि.

विनंती विशेष म्हनजे तुमी दोघं बहीन-भाऊ आता पुरे करा. तुमच्या भांडनात घरातलं कोनी धड जेवून नाही राह्यलं अन् भांडी मले तेवढीच घासा लागतात.

याइच्या, म्हनजे तुमच्या दादाच्या, मागं लिहून राह्यली. याइनं तुम्हाले पाठवलं ते पत्र टाकायच्या आधी मले मोठ्यानं वाचून दाखवलं, कसं झनझनीत झालं म्हनून. त्यातलं बाकी सारं खरं हाय, फ्लेक्सचं खोटं हाय. सुडीवर काई झाकला नाही. फाट्यावरून काढून आनला, अंगनात पसरवला, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसला, गुंडाळला अन् माळ्यावर ठेवला. दसऱ्याले ढग आले तवा आमी सारे सुडी झाकाले पळालो. ताडपत्री एका बाजूनं अपुरी पडली. मी वरडून म्हनलं का माळ्यावरचा फ्लेक्स आना. हे हालले नाहीत. साऱ्या गावाच्या सुड्या पुढाऱ्याच्या फ्लेक्सखाली कोरड्या राह्यल्या, अन् आपल्या सुडीची एक बाजू भिजली. सोयाबीन काळं पडलं, त्याच्यावरून बी माह्यावरच डाफरले.

आता तुमी म्हनसान का वहिनी दादाची बाजू घेऊन राह्यली. नाही घेत. मले याइचा राग तुमच्यापेक्षा जास्त आला. तुमी तो फ्लेक्स नीट पाह्यला काय? तीन रांगा शुभेच्छुक, सारे बाप्ये. जित्या बाईचा फोटो लावला म्हनून छाती फुगवून फिरून राह्यले, अन् घरातल्या बाईचा खाली नखाएवढा बी फोटो नाही. आईंचा नाही, माहा नाही. दयारामचा हाय! हे मी याइले तोंडावर म्हनलं.

आईंचं सांगते. आपल्याच तोंडानं पोरीचं नुकसान झालं हे एकच धरून बसल्या. शेजारीन काही सांगाले आली का कानावर हात ठेवतात, म्हनतात मले काही सांगू नका, माह्याजवळ काही राहत नाही. मले त्याइचं पाह्यवत नाही, ताई.

तुमचं नुकसान झालं ते मोठं हाय, मले समजते. तुमी याइले काही बी म्हना, मी बी रोज म्हनते. पन अडाणी नोका म्हनू. तो शब्द याइले लागला. दुकानात गिऱ्हाइकासमोर तुमचं नाव निघालं का पह्यले उभे राहून सांगत होते. आता खाली पाहून पोतं शिवत राहतात.

लोभ वाढवा नाही त वाटून घ्या, पन दिवाळीच्या आधी काय ते ठरवा. मले फराळ किती करायचा ते समजलं पाह्यजे.

रूपाली


पुणे
१३ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वहिनींचंही मिळालं. त्यांनी लिहिलंय हे तुला माहीत नसेल तर आता माहीत झालं. त्यांच्यावर डाफरायचं नाही.

तुझ्या त्या पोत्याच्या शिलाईवरून मी तुला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. खत विकणाऱ्याला काय कळतं कंपनीतलं, असंही म्हणून झालं. मग गुरुवारी आमच्या एका कारखान्यात यंत्रणा अडकली आणि माल निघायचा बंद झाला. भरलेल्या गाड्या फाटकाशी उभ्या. नवे आयटी प्रमुख अविनाश माझ्या केबिनमध्ये येऊन काय करू म्हणून उभे राहिले. मी केलं काय करायचं ते. गाड्या हलल्या. मग तो बिचारा ओशाळला आणि म्हणाला की मॅडम, त्या फ्लेक्सचं मनाला लावून घेऊ नका, त्यानं तसा काही फरक पडला नाही, मला तर साहेबांनी गणपतीच्या आधीच घरी जेवायला बोलावून सांगितलं होतं. त्याला वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल.

गणपतीच्या आधी, दादा! तुझा फ्लेक्स लागला घटस्थापनेला. आणि माझी शेवटची मुलाखत त्यांनी गणपती बुडाल्यावर घेतली होती! खुर्ची दुसऱ्याला देऊन झाल्यावर मला समोर बसवलं, पुढच्या पाच वर्षांत काय काय करायचं ते माझ्याकडून मांडून घेतलं, माना डोलावल्या, आणि माझा तो सगळा आराखडा आता अविनाशच्या टेबलावर आहे. मला नाकारायला त्यांना तोंडदेखलं कारण हवं होतं. तुझ्या फ्लेक्समुळे ते आयतं सापडलं. मीही ते खरं मानलं आणि तुझ्यावर तुटून पडले. मला फसवलं ते फसवलंच, वर माझ्याच हातून माझ्या भावाला शिव्या घालून घेतल्या. हे मी त्यांना कधी माफ करणार नाही.

शुक्रवारी मोठ्या साहेबांकडे गेले. सरळ विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाले की माझ्या कामाबद्दल प्रश्नच नाही, पण वरच्या मंडळींत, परदेशी पाहुण्यांत बसायला एक वेगळी सफाई लागते, आणि चिडले की माझी भाषा घसरते. आता अविनाश नवा आहे, त्याला सहा महिने सांभाळून घ्या, पुढं तुमचाही विचार करू.

दादा, माझी भाषा तिथंच घसरली. त्या काचेच्या खोलीत, त्यांच्या सेक्रेटरीदेखत, मी त्यांना आपल्या बोलीत सांगितलं की मले जमनार नाई, तुमच्या मानसाले तुमीच सांभाळा, अन् वरती गोलात फोटो लावाची तुमची लायकी नाई, माहा भाऊ येडा भैताड हाय म्हनून त्यानं लावला. अर्धं त्यांना कळलं नसेल. राजीनामा मात्र शुद्ध इंग्रजीत दिला, तो कळला.

फार शूर झाले असं समजू नकोस. घरी येऊन रडले. एवढी वर्षं जिथं घातली तिथून असं निघावं लागतंय, त्याचा संताप अजून डोक्यातून जात नाही. सकाळी उठलं की पहिला तोच येतो. नागपूरच्या एका मोठ्या कंपनीत हीच जागा रिकामी आहे, दिवाळीनंतर मुलाखत आहे. ठरलेलं काही नाही. होईलच असंही नाही. हे मी अजून कुणालाही बोललेले नाही, पहिलं तुला सांगतेय. आणि कुणाजवळ बोलू नकोस असं या वेळी लिहीत नाही. आईलाही सांग. तिला म्हणावं, कानावरचे हात काढ, तुझ्या तोंडानं माझं काहीही नुकसान झालेलं नाही.

अडाणी हा शब्द मागं घेते. भैताड ठेवते. आणि कुमारी मी विसरलेली नाही.

भाऊबीजेला येऊ नको असं तू लिहिलंस. मी येतेय, तुला विचारत नाही. वहिनींना फराळ सगळ्यांचा करायला सांग.

लोभ कमी झाला असता तर एवढी चिडले नसते, हे तुला कळत असेलच.

रेणुका


सुलतानपूर
ता. १७ ऑक्टोबर

चि. रेणुस,
आशीर्वाद. या बारीले सारेच, इंजिनीअर बाईले बी.

पत्र काल दुकानात वाचलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याले म्हनलं उद्या ये. माह्या डोक्शात अशी आग लागली का काई इचारू नोको. गणपतीच्या आधी ठरलं अन् बिल माह्या फ्लेक्सवर फाडलं! मी म्हनलं आत्ताच पुन्याले जातो अन् त्या साहेबाले फाट्यावर आनतो. रूपालीनं मोटारसायकलची चाबी लपवली, अजून देल्ली नाई. फराळ मातर साऱ्याइचा करून राह्यली.

भैताड ठेव. त्याच्यावरून भांडत नाई.

आईले सारं वाचून दाखवलं. कानावरचे हात निघाले, अन् आता तोंडावर ठेवले. नागपूरचं मरेपर्यंत कोनाले सांगनार नाई म्हने. मी बी सांगत नाई. तू सांग म्हनली तरी नाई. कालपासून पोट फुगून राह्यलं माहं.

आता फाट्यावरची गोठ. आज सकाळी दयाराम चार जनं घेऊन आला. भावी सदस्य म्हनून दिवाळीच्या शुभेच्छाचा त्याचा फ्लेक्स त्याले आपल्या चौकटीवर टांगाचा होता. मी पोचलो तवा दोऱ्या बांधून झाल्या होत्या. मी दोऱ्या कापल्या. लय मोठं भांडन झालं, येस्टी थांबली, ड्रायव्हर उतरून पाह्यत होता. दयाराम म्हने का तुह्या बहिनीची त खुर्ची गेली, आता काय रिकामी चौकट पुजशीन? मी म्हनलं का हाव, पुजीन. बांध माहा, लोखंड माहं, बहीन माही. अन् त्याले हे बी सांगतलं का पुढच्या फ्लेक्सात तुहा फोटो नाई, हात जोडले तरी नाई.

म्हनून आता तिथं काईच नाई. चौकटीतून मांगची आपली तूर दिसते. नागपूरचं झालं त झालं, नाई झालं त दुसरीकडं होईन. फ्लेक्स कसा राहीन ते घरात ठरलं. वरती गोलात कोनीच नाई. बोधचिन्ह नाई. कुमारी नाई. निरं तुहं नाव. खाली शुभेच्छुक दोनच, आई अन् रूपाली. माहा फोटो घेऊ का म्हनून इचारलं त रूपाली म्हने का तुमी चौकट धरून उभे राहा, तेवढं बस. छापाचा कवा, ते तू सांगजो. तू सांगतल्याबिगर एक खिळा ठोकनार नाई, शप्पत.

अन् आयक. दुपारी आई मेहकरच्या दवाखान्यातून येस्टीनं आली. फाट्यावर उतरली अन् चौकटीकडं पाह्यत उभी राह्यली, डोये पुसत. सोबत उतरलेल्या बाईले वाटलं श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागाचा आसन. तिनं इचारलं का कोन गेलं, बाई? आई म्हने का गेलं कोनी नाई, माही पोरगी येऊन राह्यली.

लोभ हाय. ते काई दर पत्रात लिहाची गोठ नाई. भाऊबीजेले सकाळच्याच गाडीनं ये, फाट्यावर उभा राहतो.

दादा